पाठ झालेलं पुस्तक

पहिलीतलं मूल स्वतःच्या बळावर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जे वाचून संपवतं, ती बहुतेक वेळा कविता असते. धडा मध्येच दमवतो. गोष्टीची पानं उलटता उलटता तास संपतो. सहा ओळींची कविता मात्र आवाक्यातली असते. शेवटच्या शब्दावर बोट टेकवून मूल वर बघतं आणि म्हणतं, ‘बाई, झाली!’ आपण काहीतरी पुरतं वाचलं, हा अनुभव त्याला तिथे पहिल्यांदा मिळतो. वाचनाची गोडी कशी लावायची, असं कुणी विचारलं की मी याच जागेपासून बोलायला सुरुवात करते.

माझी शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत आहे. जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते पाचवी. गावातली बरीचशी घरं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाच्या फेऱ्या वाढतात. दिवाळीच्या आगेमागे ट्रक, ट्रॅक्टर भरू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. असे कोयते उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या सुमारास परततात. काही मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अगदी लहान मुलं आणि धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली आईबापांबरोबर फडावर जातात.

15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. 2015पासून महाराष्ट्रात तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या निमित्ताने शाळाशाळांत पुस्तकांवर कविता लिहायला सांगतात. मुलं लिहितातही: पुस्तक माझा गुरू, पुस्तक ज्ञानाचा सागर, पुस्तक जीवनाचा दिवा. यमक जुळलेलं असतं, अक्षर वळणदार असतं, आणि कवितेखालचं नाव बदललं तरी काही बिघडत नाही. आमच्या मुलांनी सागर पाहिलेला नाही. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण. ज्ञानाचा सागर त्यांनी मोठ्या माणसांच्या भाषणातून उचललेला असतो. तो त्यांच्या वहीत लिहिला जातो, पण त्यांच्या तोंडी बसत नाही.

म्हणून आमच्या वर्गात या विषयावर लिहायचं ठरलं, की मी आधी फळ्यावर पाच शब्द लिहिते: ज्ञान, गुरू, मित्र, सागर, दिवा. मग त्यांवर रेघ मारते. हे शब्द आज सुट्टीवर. त्यानंतर प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक देते आणि विचारते. याचा वास कसला येतो? घरी हे कुठे ठेवतोस? उंदरापासून कसं वाचवतोस? कुठल्या पानावर पुन्हा पुन्हा जातेस? तुझ्याआधी हे कुणी नेलं होतं? याच्यातलं कोण रात्री आठवतं? मुलं आधी गप्प बसतात, मग एकेक बोलू लागतं. जे बोललं जातं ते मी तसंच्या तसं फळ्यावर घेते, त्यांच्याच बोलीत, शुद्ध न करता. मग सगळे मिळून त्याला ताल लावतात, जास्तीचे शब्द खोडतात, यमक शोधतात. पहिली-दुसरीच्या मुलांनी अशी एक जोडी बांधली होती:

पान उघडलं, वाघ आला,
पान मिटलं, झोपून गेला.

वाचनाचा आनंद याहून नेमका मला सांगता येणार नाही. वाघ येतो तो आपण पान उघडलं म्हणून, आणि जातो तोही आपल्याच मर्जीनं. भीतीही आहे आणि भीतीवर ताबाही आहे. पुस्तक हातात असताना लहान मुलाला जी सत्ता मिळते ती या दोन ओळींत आहे. ‘पुस्तक’ हा शब्द त्यात नाही, स्तुतीचाही नाही. आजीजवळ राहिलेल्या चौथीतल्या एका मुलीनं लिहिलं:

आजीला येत न्हाई वाचाया,
मी वाचते, ती लागते हसाया.

आणि आईबापांबरोबर जाऊन आलेल्या एका मुलानं:

माझ्या बुकाला पाय न्हाईत,
तरीबी गेलं कारखान्याला.

अशा ओळी सांगून लिहवून घेता येत नाहीत. त्यासाठी पुस्तक खरोखर घरी गेलेलं असावं लागतं. आजीपुढे वाचलं गेलेलं, कोपीत ठेवलेलं, परत आणलेलं असावं लागतं. बालकवितेतलं पुस्तकाचं कौतुक खरं वाटतं ते एवढ्याच अटीवर.

इथे कपाटाचा प्रश्न येतो. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. पुस्तकं बहुतेक शाळांत पोचलीही आहेत. पण पुस्तक नोंदवहीत चढलं की ते शाळेची मालमत्ता होतं. फाटलं, हरवलं तर जाब कोण देणार, या धास्तीनं कपाटाला कुलूप लागतं. फाटलेल्या पुस्तकाचं रीतसर निर्लेखन करता येतं, हे बऱ्याच शिक्षकांना माहीत असूनही कुणी त्या वाटेला जात नाही. आमच्याकडे पुस्तकं दोरीवर लटकवलेली असतात, मुलाच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर. देवाणघेवाणीची वही मुलंच लिहितात. पान निखळलं तर खळ लावून चिकटवायची जबाबदारीही त्यांचीच. कोरं करकरीत पुस्तक वर्षानुवर्षं तसंच राहिलं, तर ते कुणी वाचलं नाही एवढाच त्याचा अर्थ. हाताळून मऊ पडलेलं पुस्तक मी अधिकाऱ्यांना अभिमानानं दाखवते.

या पुस्तकांत कवितेची पुस्तकं वेगळ्या दोरीवर असतात, कारण ती सगळ्यात जास्त फिरतात. मराठीत या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ 1961 सालची. त्यानंतर ‘सशाचे कान’, ‘एटू लोकांचा देश’, ‘परी ग परी’, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ अशी त्यांची बालकविता कित्येक वर्षं येत राहिली. पुढे ज्ञानपीठ मिळालेला हा कवी मुलांसाठी लिहिताना उपदेशाच्या वाटेला जात नाही. तो त्यांना एक उलटंसुलटं जग देतो आणि त्यात मनसोक्त हुंदडू देतो. वाचनाविषयी चकार शब्द न काढता विंदांनी जितकी मुलं वाचनाकडे आणली, तितकी वाचनाचं महत्त्व सांगणाऱ्या कवितांनी आणली नसतील, असं माझं ठाम मत आहे. शाळेला सुट्टी मिळेल का, असं भोलानाथाला विचारणारं मंगेश पाडगावकरांचं गाणं तर शाळेत पाऊल टाकण्याआधीच मुलांना येत असतं. म्हणूनच ते वाचायला द्यायला उत्तम.

हे जरा उलगडून सांगते, कारण यात आमच्या कामाचं मर्म आहे. मराठी वाचायला शिकताना मूल अक्षरागणिक थांबतं. जोडाक्षर आलं की श्वास तुटतो, आणि ओळीच्या टोकाशी पोचेपर्यंत सुरुवातीचे शब्द निसटलेले असतात. अक्षरं वाचली जातात, अर्थ हाती लागत नाही. कवितेत कान मदतीला येतो. मुलांची बहुतेक गाणी आठ मात्रांच्या आवर्तनात चालतात. टाळी कुठे पडणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं, यमक कुठे येणार याची त्याला चाहूल असते. डोळा अडला तरी कान त्याला पुढे नेतो.

आम्ही कवितेचा मोठा तक्ता करतो. पहिल्यांदा मी शब्दांखाली पट्टी फिरवत वाचते, मग सगळी मुलं, मग एकेक जण. दुसऱ्या दिवशी ओळी कापून पट्ट्या करायच्या, त्या मिसळायच्या आणि मुलांनी क्रमानं लावायच्या. पुढे ओळींचे शब्द वेगळे करायचे. शेवटी एखादा शब्द चिठ्ठीनं झाकायचा. ‘पान मिटलं, झोपून’ यापुढे चिठ्ठी लावली की पहिलीचा वर्ग ‘गेला!’ म्हणून ओरडतो. मी चिठ्ठी काढते आणि विचारते, ‘गेली’ का नाही? मूल फळ्याशी येतं, ‘ला’च्या कान्यावर बोट ठेवतं आणि सांगतं, ‘बाई, इथं वेलांटी न्हाई.’ आपण जे बोलतो ते इथे लिहिलेलं आहे, आणि जे लिहिलं आहे ते तपासता येतं, हे त्याला उमगलेलं असतं.

‘अहो, ही मुलं पाठ म्हणतात, वाचत नाहीत,’ असा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. पाठ असणं हा वाचनाचा शेवट नाही, हे खरंच आहे. म्हणूनच पट्ट्या कापायच्या, क्रम मोडायचा, शब्द झाकायचे. पण तोंडात असलेला मजकूर डोळ्यांपुढच्या मजकुराशी जुळवून पाहणं ही वाचनाची भक्कम पहिली पायरी आहे. ती गाळून मुलांना नुसत्या बाराखडीत वर्षभर अडकवून ठेवणं मला मान्य नाही. बाराखडी हवीच, पण तिच्या जोडीला पहिल्या आठवड्यापासून कविताही हवी.

चौथी-पाचवीच्या मुलांना मी सफदर हाश्मींची ‘किताबें’ ही हिंदी कविता वाचून दाखवते. पथनाट्यं करणारा हा कलावंत. 1 जानेवारी 1989ला साहिबाबादजवळच्या झंडापूर इथे नाटकाचा प्रयोग चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. तेव्हा ते 34 वर्षांचे होते. त्यांनी मुलांसाठीही लिहिलं, हे फार जणांना माहीत नसतं. देशभरातल्या किती तरी शाळांच्या भिंतींवर ही कविता लावलेली असते. ती मुलांना का भिडते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक तर मुलाला ‘वाच’ असा हुकूम ती देत नाही. या कवितेत हालचाल करतात ती पुस्तकं. बोलायचं असतं ते पुस्तकांना, ओढ असते ती पुस्तकांना. दुसरं, पुस्तकांत काय काय असतं याची ती यादीच देते. त्या यादीत पाखरं आणि झरे आहेत, परीकथा आहेत, विज्ञान आहे. माणसाचं सुख आहे तसं दुःखही आहे. जगातलं गोड तेवढंच निवडून तिनं मुलांपुढे ठेवलेलं नाही. आमच्या मुलांना जगाची कडू बाजू घरातच दिसते, त्यामुळे या कवितेवर त्यांचा विश्वास बसतो. ती ऐकून झाली की मुलं आपापल्या पुस्तकांची यादी करतात. एकानं लिहिलं होतं, ‘माझ्या बुकात उंट हाय, आन् उंटाला तहान लागल्याली हाय.’ ताल लावायच्या आधीच ती ओळ कविता झालेली होती.

गावातल्या आज्यांना आम्ही या कामात मुद्दाम ओढतो. लिहिता न येणाऱ्या या बायकांच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या आहेत. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही आहेत. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं हा ठेवा लोकांपुढे आणला. आम्ही मुलांना घरी पाठवतो: आजीची एक ओवी लिहून आणा. दुसऱ्या दिवशी शाळेत ती तक्त्यावर चढते. एकदा तसा तक्ता घेऊन मुलं आजीकडे गेली आणि तिच्या ओवीवर बोट फिरवत त्यांनी ती वाचून दाखवली. म्हातारी म्हणाली, ‘बाई, माझं बोलनं कागदावर बसलं व्हय?’ नंतर तिनं नातवाला बजावून सांगितलं की तो कागद चुलीजवळ ठेवायचा नाही. घरात कागद जपायची सुरुवात अशी होते. ज्या घरात एकही पुस्तक नव्हतं तिथे भिंतीवर लिहिलेली एक ओवी राहू लागली.

आणि मग हंगाम सुरू होतो. गाव सोडून जाणाऱ्या मुलाला शाळा शिक्षण हमी पत्रक देते. ते दाखवलं की तो जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. त्या पत्रकाबरोबर आम्ही आणखी एक वस्तू देतो: मुलानं स्वतः केलेली कवितांची वही. पाठकोरे कागद मधोमध दुमडायचे, दाभणानं भोकं पाडायची आणि गोधडीच्या दोऱ्यानं शिवायचं. शिवायला आज्या शिकवतात. आत प्रत्येक मूल त्याला आवडलेल्या कविता आपल्या हातानं उतरवतं, चित्रं काढतं, शेवटी स्वतःची एक लिहितं. ही वही शिवतानाच एका मुलीनं म्हटलं होतं:

उसाची मोळी दोरीनं बांधली,
पानांची मोळी सुईनं सांधली.

फडावरची राहणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे पुस्तक टिकणं कठीण असतं. पाचटाची नाहीतर प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी, वर गळकं, खाली ओल. पहाटेच्या अंधारात मोठी माणसं तोडीला जातात. मागे राहिलेल्या मुलीच्या काखेत धाकटं भावंड असतं. वही भिजते, फाटते, कधी बैलही खातो. म्हणून वही द्यायच्या आधी आतल्या कविता तोंडपाठ असायला हव्यात, यावर माझा कटाक्ष असतो. पाठ झालेल्या कवितेला उजेड लागत नाही, दप्तर लागत नाही. भावंडाला निजवता निजवता ती म्हणता येते. सगळं सामान मागे ठेवून जाणाऱ्या मुलाला पूर्णच्या पूर्ण बरोबर नेता येईल असं पुस्तक एकच, ते म्हणजे पाठ झालेली कविता.

परत आलेल्या मुलांकडून मी हे पडताळून पाहिलं आहे. पाच-सहा महिन्यांत गणितातले हातचे विसरलेले असतात, जोडाक्षरं अडखळतात. कविता मात्र शाबूत असतात. तक्ता पुन्हा भिंतीवर लावला की मूल आठवणीतल्या शब्दांच्या आधारानं अक्षरं ओळखू लागतं. पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. इतकंच नाही, धाकट्या भावंडालाही त्या कविता येत असतात. ते भावंड पुढे पहिलीत येतं तेव्हा तक्त्यावरची कविता त्याच्या ओळखीची असते.

पुस्तकांसाठी पैसे नाहीत ही तक्रार मीही केली आहे, पण जे हाताशी आहे ते आधी वापरायला हवं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971पासून निघतं, आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मराठीतल्या नामवंत कवींनी त्यात मुलांसाठी लिहिलं आहे. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे चार भाग एका शाळेला कित्येक वर्षं पुरतील. आजही चांगली बालकविता लिहिली जाते: साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2023मध्ये एकनाथ आव्हाड यांच्या ‘छंद देई आनंद’ला आणि 2025मध्ये नांदेडचे सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ला मिळाला. हे दोन्ही कवितासंग्रह आहेत. पण शाळेत कवितेला वेळापत्रकात वेगळी जागा नसते. पाठ्यपुस्तकातली कविता आली की तेवढ्यापुरती ती शिकवली जाते, तिचा भावार्थ लिहून घेतला जातो, समानार्थी शब्द विचारले जातात आणि पान उलटलं जातं. रोज परिपाठात एक कविता, कोणताही प्रश्न न विचारता, चांगल्या आवाजात वाचून दाखवायला पाच मिनिटं लागतात. त्याला खर्च नाही, परवानगीही लागत नाही.

पुस्तकांवर कविता लिहिणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. मुलांना पुस्तकाचे उपकार सांगू नका. वाघ दाखवा, तहानलेला उंट दाखवा, हसणारी आजी दाखवा. पुस्तक चांगलं असतं, हा निष्कर्ष मुलं आपणहून काढतात.

आणि कारखान्यांच्या परिसरातल्या शाळांमधल्या शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. हंगामात एखादं नवं लेकरू हमी पत्रक घेऊन तुमच्या वर्गाच्या दारात उभं राहील. बीडचं असेल, जालन्याचं असेल, परभणीचं असेल. त्याच्या हातात वही नसेल, अंगावर गणवेश नसेल, चार ओळी वाचायला सांगितल्या तर ते अडखळेल. त्याला शेवटच्या बाकावर बसवण्याआधी ‘तुला कुठली कविता येते?’ एवढं विचारा. ती फळ्यावर लिहा आणि त्यालाच सगळ्या वर्गाला वाचून दाखवायला सांगा.